पिप्यावरची लक्ष्मी

नागपूरहून चित्रकलेची परीक्षा पास होऊन मी वर्ध्याला परत आलो, तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आता हा कुठल्यातरी शाळेत ड्रॉइंग मास्तर होणार. आईनं तर कोणाकोणाच्या ओळखी काढायलाही सुरुवात केली होती. पण मास्तरकीचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. जन्मभर पोरांकडून तांब्या आणि फुलदाणी काढून घ्यायची? हात्! मी बाजाराच्या रस्त्यावर, धान्याच्या दुकानाला लागून एक अरुंद खोली भाड्यानं घेतली, दारावर फळी ठोकली आणि पिवळ्या रंगावर लाल अक्षरांत लिहिलं, 'चित्रशाळा. येथे सर्व प्रकारची व्यापारी चित्रे काढून मिळतील.'

'व्यापारी चित्रे' हा शब्द मला फार आवडला होता. नागपूरला आमचे एक मास्तर सांगायचे की यापुढचा जमाना जाहिरातीचा आहे, साबणापासून सायकलीपर्यंत सगळ्याला चित्र लागणार आहे. ते मी खरं मानून बसलो होतो. वर्ध्यात मात्र त्या शब्दाचा अर्थ कोणाला कळेना. पहिलं गिऱ्हाईक आलं ते बैलबंडीवर नंबर टाकून मागायला. त्यानं आपली बंडी बैलांसकट दारात आणून उभी केली आणि मी रस्त्यात उकिडवा बसून चाकाजवळच्या फळीवर आकडे काढले. सगळा बाजार पाहत होता. परीक्षेत मला रंगसंगतीत बक्षीस मिळालं होतं, हे त्या बैलांना काय कळणार!

मग हळूहळू काम येऊ लागलं. जिनिंगच्या मुनीमजीला कापसाच्या गाठींवर मारायचा मार्का पत्र्यातून कापून पाहिजे होता. टॉकीजवाल्याला मध्यंतरात दाखवायच्या जाहिरातींच्या काचा रंगवून हव्या होत्या. दुकानांच्या पाट्या तर येतच होत्या, निम्म्या हिंदीत, निम्म्या मराठीत. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. पाट्यांवरच्या अक्षरांची रेघ मी मारायचो आणि आतला रंग ताई भरायची. बाईमाणसानं बाजारात दुकानात बसायचं नाही, म्हणून मी पाट्या खांद्यावर टाकून घरी न्यायचो, ती ओसरीत बसून भरायची. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो.

ताईबद्दल सांगायलाच पाहिजे. ती माझी मोठी बहीण. आमचे वडील कचेरीत कारकून होते. ते होते तेव्हाच त्यांनी तिचं लग्न अल्लीपूरला लावून दिलं होतं. खाऊनपिऊन सुखी, चांगलं शेतीवाडीचं घर. पण लग्नाची हळद उतरत नाही तोच तिचा सासरा गेला. त्याच वर्षी बैल मेला, विहीर आटली. झालं! सासूनं ठरवून टाकलं की सून पांढऱ्या पायाची आहे. दोन-अडीच वर्षं तिला कशीबशी ठेवली आणि एका दिवाळीला माहेरी धाडली, ती न्यायला पुन्हा कोणी आलंच नाही. फारकत दिली नाही, भाऊजींनी दुसरं लग्नही केलं नाही. ते बिचारे आईच्या शब्दाबाहेर नव्हते, असं ताई म्हणायची. 'बिचारे' हा तिचा शब्द, माझा नव्हे. माझ्या तोंडी त्यांच्यासाठी वेगळेच शब्द यायचे आणि मग ती माझ्याशी बोलायची नाही. तिला परत जायचं होतं. वडील गेले, वर्षं गेली, तरी तिला वाटायचं की एक दिवस बोलावणं येईल. तिच्यापुरती जगात तेवढीच एक गोष्ट अडून राहिली होती.

अशात एक दिवस तेलमिलवाले शेटजी माझ्या खोलीत आले. खोलीत खुर्ची एकच होती, ती मी त्यांना दिली.

"देखो," शेटजी म्हणाले, "दुसऱ्या मिलवाल्याच्या पिप्यावर बी लक्ष्मी, आपल्या पिप्यावर बी लक्ष्मी. खेड्यातला माणूस अनपढ. तो म्हणते लक्ष्मीवालं तेल द्या, आन् दुकानदार त्याले कोणाचंही देऊन टाकते. आपली लक्ष्मी अलग पाह्यजे. दुरून ओळखू आली पाह्यजे."

"कशी अलग?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगा, आर्टिस्ट तुम्ही का मी? कॅलेंडरवाली नको. घरातली वाटली पाह्यजे."

पिपा म्हणजे तेलाचा पत्र्याचा डबा. त्याच्यावर डकवायचं लेबल नागपूरच्या छापखान्यात छापायचं आणि गावोगाव जायचं. अरे बापा! मी दार लावून घेतलं आणि खोलीतल्या खोलीत नाचलो. हेच तर पाहिजे होतं मला. आता बंडीचे नंबर कोण टाकतो!

पण चेहरा काही जमेना. कमळ जमलं, हत्ती जमले, शालूचे काठ जमले. चेहरा काढायला घेतला की तीच ती कॅलेंडरवरची गोल गोबरी बाई उतरायची. मी कागदावर कागद फाडत होतो आणि घरी सगळ्यांवर खेकसत होतो. एका दुपारी ओसरीत ताई सुपात तूर निवडत बसली होती. मी आईशी काहीतरी वाद घालत होतो, तर तिनं एक भुवई जराशी वर करून माझ्याकडे पाहिलं. पुरे झालं तुझं, अशा अर्थानं. चिडवताना ती असंच पाहायची. मी ओरडलोच, "हालू नको! बस अशीच!"

"काऊन? काय चावलं तुले?"

"मी तुझा चेहरा काढतो. लक्ष्मीसाठी."

"अबे, पाप लागन तुले! मले लक्ष्मी बनवून राह्यला?" असं म्हणाली, पण बसली. नंतर लेबलातल्या लक्ष्मीच्या हातात धनाचा कुंभ द्यायचा होता, म्हणून तिला हातात तांब्या धरायला लावला. "हात अवघडला माह्या," ती कुरकुरायची, "तुह्या लक्ष्मीले दुसरं काम नाई का? नुसती धरूनच बसते!" मला हसू यायचं आणि रेघ वाकडी जायची. मग दोघांनाही आई रागवायची.

शेटजींनी चित्र पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं. "एक भुवई वर काऊन हाय?" त्यांनी विचारलं. मग तेच म्हणाले, "गिऱ्हाईकाकडं पाहून राह्यली वाटते. चांगलं हाय. दुरून ओळखू येते."

लेबलं छापून आली तेव्हा मी हबकून गेलो. एका चेहऱ्याचं एक चित्र मी काढलं होतं. पण खोलीभर गठ्ठेच गठ्ठे, आणि ज्याच्यात पाहावं त्याच्यात माझी बहीण. जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही, आणि देवीचं चित्र असल्यामुळे ओलांडून जायचीही सोय नाही. शेटजींचा माणूस बंडी घेऊन येईपर्यंत मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. आपण हे काय करून बसलो, असंच मला वाटत होतं. आनंदही होत होता.

पुढे आंजीला एका किराणा दुकानाची पाटी लिहायला गेलो होतो. दुकानामागे रिकामे पिपे रचून ठेवले होते, आणि एकावरही लेबल नाही. मला वाटलं खळ खराब निघाली. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "बाया काढून नेतेत नं. पाण्यात भिजवून अलगद काढतेत, काचेत बसवतेत, देवात ठेवतेत. रिकामा पिपा मोडीत जाते, देवीले मोडीत कसं टाकाव? तिकडं रोहण्याकडंही तसंच हाय म्हणे. तेल संपायच्या आधीच बाया चित्र सांगून ठेवतेत."

हे माझ्या कोण्या मास्तरांनी मला शिकवलं नव्हतं. जाहिरातीचा जमाना म्हणे! इथे माझी जाहिरात सरळ देव्हाऱ्यात जाऊन बसली होती. शेटजी खूश, मिलवर गर्दी, माझ्याकडे दुसऱ्या व्यापाऱ्यांची रांग. मी धावत घरी येऊन ताईला सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल. तिचा चेहरा उतरला.

"कोणाले सांगू नोको," ती हळू आवाजात म्हणाली. "सासरच्यायनं टाकलेल्या बाईचं तोंड लक्ष्मीले लावलं, हे शेटजीले कयलं तं तुले उभा नाई करणार तो. तुह्या धंदा बसन."

मी तिच्यावर चिडलो. टाकलेली कसली, काहीतरी बोलते! पण तिचं खरं होतं, हे मला कळत होतं. मी कोणालाच सांगितलं नाही.

आणि मग, इतक्या वर्षांनी, अल्लीपूरहून निरोप आला. त्या गावचे एक गुरुजी वर्ध्याला कामानं आले होते, ते घरी येऊन म्हणाले की तिकडच्या मंडळींचं मन वळलं आहे, भावानं एकदा यावं आणि दिवस ठरवून जावा. आई देवापुढे जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी ताईनं ओसरी सारवली, कपाटं पुसली, माझ्या रंगांच्या बाटल्या धुतल्या, जणू काय सणच आहे. चालता चालता गुणगुणत होती. मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला भाऊजींचा राग होता तो होताच, पण तिला तसं पाहून मी तो गिळला.

मी मोटारीनं गेलो, पुढे बंडीनं. भाऊजींनी दारात माझं स्वागत केलं. माणूस शांत, मान खाली घालून बोलणारा. सासूनं चहा केला, पोहे केले. मला वाटलं होतं उणंदुणं काढतील, पण म्हातारी गोड बोलत होती.

"तुह्या बहिणीले आता धाडा म्हणून काऊन निरोप देल्ला, सांगू का बापू?" ती म्हणाली. "ये, आत ये. पाय धुतले नं? ये, दाखवतो."

मी तिच्या मागोमाग आत गेलो. देव्हाऱ्याजवळ समई लागली होती. मधोमध, बाकीच्या सगळ्या देवांच्या पुढे, काचेच्या चौकटीत ताई बसली होती.

हळदकुंकवानं काच माखली होती, चौकटीला ताजा हार होता, आणि त्यातून ताई एक भुवई वर करून माझ्याकडे पाहत होती. म्हातारीनं माझ्यादेखत तसबिरीपुढे गुडघे टेकले, डोकं जमिनीला लावलं. जिनं माझ्या बहिणीला 'तुझे पाय माझ्या उंबऱ्याला लागू देऊ नको' म्हणून माहेरी धाडलं, ती बाई तिच्यापुढे डोकं टेकून बसली होती. मला ओरडायचं होतं.

"ही घरात आली," म्हातारी उठत म्हणाली, "तवापासून सगळं सुदं झालं पाह्य. वावराची केस सुटली, विहिरीले पाणी लागलं. कशी पाह्यते पाह्य नं, जशी सगळी खबर ठेवते घराची! म्हणून म्हटलं, आता येऊ दे तुह्या बहिणीले. तिचे पाय पांढरे असले तरी आता ही सांभाळून घेते. हिच्यापुढं त्या पायायचं काय चालते!"

मी म्हातारीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, थट्टा नव्हती. तिला खरंच काही कळलं नव्हतं. आणि का कळावं? त्या घरात सून वावरायची ती नाकापर्यंत पदर ओढून. म्हातारीनं तिचे पाय पाहिले होते, ते पांढरे आहेत म्हणून ठरवलं होतं. तोंड पाहायची गरज तिला कधी पडलीच नसेल.

पण भाऊजी दारात उभे होते. मी त्यांच्याकडे वळलो. मनात म्हटलं, हा तरी. आईपुढे बोलता येत नसेल, पण याला माहीत असेल. यानंच ही तसबीर इथं आणून ठेवली असेल, कोणाला न सांगता. क्षणभर मला ते इतकं खरं वाटलं की त्यांच्याबद्दलचा सगळा राग गेला.

"भाऊजी," मी विचारलं, "हिचा चेहरा कोणासारखा वाटते तुम्हाले?"

त्यांनी मान वर केली, नीट पाहिलं. "देवीचा चेहरा देवीसारखाच राहीन नं," ते म्हणाले. "पण लय साजरी काढली हाय कोणीतरी. मी रोज आंघोळ झाली की पाह्यतो हिच्याकडं. पाह्यतच राहाव वाटते."

मी त्यांच्या डोळ्यांत पाहत राहिलो, कुठे काही दिसतं का म्हणून. काही नव्हतं. ते भोळेपणानं हसले. मी पोहे तसेच टाकून निघालो. दिवस ठरवायचा राहिला, असं म्हातारी मागून सांगत होती. मी काय उत्तर दिलं ते आजही मला आठवत नाही. परतीच्या बंडीत मी स्वतःशीच बोलत होतो, गाडीवान मागे वळून वळून पाहत होता.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईनं माझा चेहरा पाहिला आणि मला स्वयंपाकघरात ओढलं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला, आणि मग माझा दंड धरून म्हणाली, "तिले सांगू नोको. तुले माह्यी शपथ हाय. देवाच्या निमित्तानं का होईना, नेऊन राह्यले नं तिले? जाऊ दे तिले तिच्या घरी."

आई चूक बोलत नव्हती. ताईचा संसार लागत होता. मी गप्प बसलो असतो तर ती गेली असती, रोज स्वतःच्याच तसबिरीपुढे दिवा लावला असता. तेवढं डोळ्यांपुढे आलं आणि मला राहवलं नाही. ओसरीत जाऊन मी तिला सांगून टाकलं.

ती आधी हसली. खदखदून. "आत्याबाई माह्या पाया पडतेत? अबे, खरं सांगून राह्यला का? डोकं टेकवते? माह्यापुढं?" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं पदरानं पुसलं, परत हसली. मीही हसलो. मला वाटलं, सुटलो बाप्पा, हिला हे गमतीचं वाटलं.

मग ती एकदम थांबली.

"आन् हे?" तिनं विचारलं. "यायनं ओळखलं असन नं?"

मी खोटं बोलायला पाहिजे होतं की नाही, मला माहीत नाही. मला खोटं सुचलंच नाही. भाऊजी जे बोलले ते मी तसंच्या तसं सांगितलं. रोज पाहतो म्हणाले. पाहतच राहावं वाटते म्हणाले.

आई आतून म्हणाली, "पुरुषाची नजर, पोरी. त्यायच्या ध्यानात राहत नाई."

ताई अल्लीपूरला गेली नाही, हे आताच सांगून टाकतो. आईनं विनवण्या केल्या, गुरुजी दोनदा येऊन गेले, ती गेली नाही. पुढे ती माझ्याबरोबर बाजारातल्या खोलीत येऊन बसू लागली, लोक बोलले, मग बोलायचे थांबले. पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी ती जमिनीकडे पाहत बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, नुसतीच.

"त्यायच्या डाव्या कानामागं भाजल्याचा डाग हाय. हसाले लागले की आधी उजवीकडचा ओठ हालते. जेवताना पह्यल्या घासाले डोळे मिटतेत. हनुवटीवर, इथं, दाढी उगवत नाई, एवढीशी जागा कोरी राह्यते."

मी त्याच दुपारी त्या माणसासमोर बसून चहा प्यायलो होतो. चेहरे पाहणं माझा धंदा. हनुवटीवरची ती कोरी जागा मी पाहिली नव्हती. तिनं सांगितली आणि मला दिसली.

"हे सगळं मी पदराच्या आडून पाह्यलं," ती म्हणाली. "येता-जाता, ताट वाढताना, जेवढं दिसे तेवढं. त्यायच्या डोळ्यावर तं कोणाचा पदर नोता रे. आन् खोलीत आल्यावर माह्याही नोता."

आई दाराशी येऊन उभी राहिली होती. ताईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इतकी वर्षं मी जातो जातो म्हणत होती," ती म्हणाली, "तं मी कोणाकडं चालली होती?"